कलेची पदवी आणि घराचा उतारा

जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात आमचे पेंटर माझ्या घरी आले आणि टेबलावर दोन कागद ठेवले. एक होता त्यांच्या मुलीला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाने दिलेलं प्रवेशपत्र, दुसरा त्यांच्या घराचा सिटी सर्व्हेचा उतारा. "सर, ह्येच्यावर सही करायची का न्हाई, एवढंच सांगा," म्हणाले. सात दिवसांत ७५ हजार भरून जागा पक्की करायची होती. त्यातले ४० हजार परत मिळणार नाहीत, असं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात छापलं होतं.

मी इचलकरंजीत चोवीस वर्षं कलाशिक्षक आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षांना मुलं बसवणं आणि बारावीनंतर ज्यांना चित्रकलेतच जायचंय त्यांच्या घरच्यांशी बोलणं, ही कामं माझ्या वाट्याला दरवर्षी येतात. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतोय, कारण प्रश्न हाच असलेली घरं मला दर जूनमध्ये भेटतात. हिशेब मात्र फार थोड्या घरांत कागदावर मांडला जातो. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी लिहिलेले नाहीत.

घर

वडील पूर्वी बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, निवडणुकीच्या भिंती, सगळं. फ्लेक्स आला आणि पाच-सहा वर्षांत त्यांचं काम बसलं. आता ते एका फ्लेक्सच्याच दुकानात चिकटवण्या-बसवण्याचं काम करतात, महिना १६ हजारांवर. आई घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते, तिचे सरासरी ८ हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला २ लाख ८८ हजारांचा. घर ओबीसी, नॉन क्रीमी लेअरचा दाखला काढलेला. राहतं घर आजीच्या नावावर आणि त्यात धाकट्या काकांचाही हिस्सा.

मुलीला इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली होती. दहावीला त्याचे ७ गुण वाढले, त्याचं घरात भारी कौतुक. पण मला ती आठवते ती वेगळ्याच गोष्टीसाठी. आठवीत असताना तिने वडिलांच्या जुन्या ब्रशने फळ्यावर 'शाळा सुटली' असं लिहिलं होतं. 'ळ' ची गाठ तिने अशी फिरवली होती की तिच्या हाताला अक्षर कळतंय, हे तेव्हाच दिसलं. असा हात शिकवून येत नाही. म्हणून ह्या मुलीने कला सोडून दुसरं काही करावं, हा सल्ला मी दिलाच नाही.

वडिलांच्या मनात मात्र तोच होता. "कला पोटाला घालत न्हाई, हे मी बघितलंय. पण पोरगी हट्टाला पेटलीया आणि विद्यापीठवाला म्हणतोय पॅकेज मिळतंय." एकीकडे कलेवरचा विश्वास उडालेला आणि दुसरीकडे पॅकेज ह्या शब्दावर सगळा भरवसा. अशी अवस्था मी बऱ्याच बापांची पाहिली आहे. कलेने पोट भरतं का, ह्याचा हिशेब कुणाला नीट करता येत नाही, म्हणून दुसऱ्याने छापलेला आकडा धरून माणूस निर्णय घेतो.

वाटा कोणत्या होत्या

पहिली वाट खासगी विद्यापीठाची, चार वर्षांची डिझाइनची पदवी. दुसरी बी.एफ.ए., म्हणजे ललित कलेची पदवी, त्यातली उपयोजित कला, म्हणजे जाहिरात-मांडणीची शाखा. त्यासाठी तिने सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्प सगळं दिलं होतं आणि गुणही बरे होते. पण कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या अजून सुरूच झाल्या नव्हत्या. जागा कुठे मिळेल ते पावसाळ्यात कळणार. मुंबईचं जे. जे. हे तिचं स्वप्न होतं, पण तेवढे गुण नव्हते आणि ते तिलाही माहीत होतं. तिसरी वाट ए.टी.डी. ही पदविका करून कलाशिक्षक व्हायची. त्याबद्दल मी लांबण लावली नाही. आमच्याच भागातल्या एका शाळेत निवृत्त झालेल्या कलाशिक्षकाची जागा अजून भरलेली नाही. आणि भरली तरी माध्यमिकला शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं १८ हजार मानधन.

खरी कोंडी वेळापत्रकाची होती. खासगी संस्था जूनमध्ये पैसे मागते आणि सरकारी प्रक्रिया जुलै-ऑगस्टमध्ये उघडते. मधल्या महिन्यात घाबरलेली घरं पैसे भरून मोकळी होतात. त्या वर्षीच्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, फी परतीच्या धोरणात ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची होती. मी ते परिपत्रक छापून पेंटरांच्या हातात दिलं आणि विद्यापीठाला मेल करून १० जुलैपर्यंत मुदत मागायला लावली. मुदत मिळाली. त्या दहा-बारा दिवसांत आम्ही जे केलं, ते म्हणजे हे प्रकरण.

पहिला हिशेब

वर्षाची फी ३ लाख ६० हजार, चार वर्षांचे १४ लाख ४० हजार. हॉस्टेल-मेस वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे ४ लाख ८० हजार. लॅपटॉप आणि साहित्य मिळून १ लाख २० हजार. बेरीज २० लाख ४० हजार. घरात पोस्टातले, आईच्या दागिन्यांचे आणि मामाने कबूल केलेले मिळून ४ लाख ४० हजार उभे राहत होते. उरलेल्या १६ लाखांचं शैक्षणिक कर्ज.

बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही की जामीनदार नाही. ४ ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो. साडेसात लाखांच्या वर तारण. घराचा उतारा टेबलावर आला तो इथून.

आम्ही जवळच्या एका शाखेत जाऊन व्याजदर विचारला, तो साडेदहा टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज नाही असं नव्हे, ते सरळव्याजाने साठत राहतं. दरवर्षी ४ लाख उचलले तर पाच वर्षांत ५ लाख ८८ हजार व्याज. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर १६ नाही, २१ लाख ८८ हजार. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण २९,५००. पंधरा वर्षांत फेडायचे तर २४,२००, आणि एकूण भरणा साडेत्रेचाळीस लाख. मुलगी तेव्हा अडतीस वर्षांची असेल.

मी हे वहीत लिहिलं आणि वही फिरवून त्यांच्यापुढे ठेवली. पेंटरांनी २४,२०० ह्या आकड्याखाली बोट धरलं आणि म्हणाले, "ह्यो तर आमच्या दोघांचा सगळा पगार झाला की."

आई तोवर गप्प होती. ती म्हणाली, "आणि चार म्हैने पोरीला काम न्हाई मिळालं तर? बँक थांबती व्हय?"

त्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तो होता, आणि विचारला तो त्या घरातल्या सर्वात कमी शिकलेल्या बाईने. मी तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी शाखेत विचारला. अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "अडचण असली तर अर्ज करता येतो, पण खातं थकलं की आम्ही आधी सहकर्जदाराकडे येतो." सहकर्जदार म्हणजे पेंटर. आणि तारण म्हणजे ते घर, ज्यात काकांचाही हिस्सा.

सात फोन

विद्यापीठाच्या प्रवेश कक्षातल्या मुलीला मी तीन गोष्टी विचारल्या. मागच्या वर्षी ह्या शाखेतून किती जण बाहेर पडले, त्यातल्या किती जणांना कॅम्पसमधून नोकरी मिळाली, आणि रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार किती. माहितीपत्रकात सर्वांत मोठं पॅकेज छापलं होतं आणि त्याखाली '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. असिस्टन्स म्हणजे मदत, नोकरी नव्हे. तिने सर्वांत मोठं पॅकेज दोनदा सांगितलं. मधल्या मुलाचा आकडा मेलने पाठवते म्हणाली, तो आला नाही.

मग मी माझे माजी विद्यार्थी गाठले. सात फोन केले. सात जणांवरून जगाचा नियम सांगता येत नाही, पण ही आमच्याच गावची, तसल्याच घरातली, त्याच हातांची मुलं होती. छापील पॅकेजपेक्षा मला त्यांचं म्हणणं जवळचं वाटलं.

दोघं पुण्यात जाहिरातीच्या ऑफिसात. एकाची सुरुवात १६ हजारांवर, दुसऱ्याची २० वर. सात वर्षांनी पहिल्याला ४८ हजार. एक जण इचलकरंजीतच साडीची डिझाइनं करतो, जॅकार्डसाठी, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागासाठी, कॉम्प्युटरवर. तो २२ हजारांवर लागला, घरी राहतो, भाडं नाही, त्यामुळे त्याच्या हातात पुण्यातल्या दोघांपेक्षा जास्त उरतं. १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसला तेव्हापासून ह्या गावाला कापडावरच्या नक्षीची गरज आहे, आणि तरी आमची मुलं तिकडे करिअर म्हणून बघत नाहीत, ह्याचं मला वाईट वाटतं. एक मुलगी अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करते. २०१५ ला १२ हजारांवर लागली, ते काम नोकरी करता करता स्वतः शिकली, आता ८५ हजार घेते. एकाने कला सोडली, विमा विकतो.

उरले दोघे, आणि ह्या दोघांचं मी जरा जास्त सांगतो. एक शिल्पकार. मातीचे गणपती करतो, साचे बनवतो. त्याच्या वर्षाचे निम्म्याहून जास्त पैसे गणपतीच्या आधीच्या चार महिन्यांत येतात. नवरात्रात थोडे. मग दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत काही नाही. दुसरी मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. तिने मला तिचा वर्षाचा हिशेब वाचून दाखवला. एप्रिलमध्ये ६० हजार, मेमध्ये शून्य, जूनमध्ये ९ हजार, जुलै-ऑगस्ट शून्य, सप्टेंबरमध्ये थकलेले ४५ हजार एकदम. "सर, मला कर्ज नव्हतं म्हणून मी ह्या कामात टिकले," ती म्हणाली. "हप्ता असता तर मी दुसऱ्याच महिन्यात मिळेल ती नोकरी धरली असती."

मला ह्या प्रकरणातून सांगायचं आहे ते हेच. चित्राचे पैसे येतात, पण आपल्या सवडीने येतात. हप्ता महिन्याच्या पाच तारखेलाच येतो. मोठं कर्ज घेतलेला मुलगा पदवी चित्रकाराची घेतो, पण पहिली पाच वर्षं चित्रकार म्हणून जगू शकत नाही. त्याला लगेच पगार हवा असतो, मग काम कसलंही असो. आणि हात तयार होतो तो त्याच पाच वर्षांत.

आमच्या कोल्हापूरच्या मातीत हे नवं नाही. आबालाल रहिमान जे. जे. त शिकून आले, तेव्हा त्यांना शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांनी त्या चित्रांच्या बदल्यात दरमहा मुद्दल-व्याज मागितलं नाही. आज तो आश्रय नाही, त्याच्या जागी बँक आली. बँकेत वाईट काहीच नाही, पण तिला चित्र दिसत नाही, तारीख दिसते. म्हणून आश्रय म्हणून ती किती घ्यायची, हे आपण ठरवायचं.

मी माझ्यापुरतं एक माप वापरतो. पहिल्या नोकरीत पगार किती मिळेल ह्याचा हात आखडून अंदाज करायचा आणि हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. सरासरी नाही धरायची, पॅकेज तर नाहीच नाही. ह्या मापाने २४,२०० च्या हप्त्याला ७२ हजारांवर पगार हवा, तोही पहिल्याच दिवशी. माझ्या सात जणांत तिथे एकच पोचली होती, नऊ वर्षांनी.

मुलीचं म्हणणं

हे सगळं ऐकून मुलगी रडली नाही. चिडली. "सर, तिथं मॅकची लॅब आहे. अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ आहे. बाहेरचे लोक शिकवायला येतात. तुम्ही मला स्वस्तात बसवताय."

तिचं खोटं नव्हतं. खासगी संस्थेत यंत्रसामग्री चांगली असते, इंटर्नशिप लवकर मिळतात, इंग्रजी सुधारतं, आणि बरोबर शिकणाऱ्या मुलांच्या ओळखी पुढे कामाला येतात. त्या घरात २० लाख रोख असते तर मी जा म्हणालो असतो. हे मी तिला तसंच सांगितलं. पण मग तिला विचारलं, की ह्यातल्या किती गोष्टी पैसे देऊन नंतरही घेता येतात? कॉम्प्युटर घेता येतो. सॉफ्टवेअर शिकता येतं, त्या ८५ हजारवाल्या मुलीने शिकलं. इंटर्नशिप मागून मिळवावी लागते, जरा जास्त उंबरे झिजवावे लागतात. गहाण पडलेलं घर मात्र पाहिजे तेव्हा सोडवता येत नाही.

ती दोन दिवस बोलली नाही.

८ जुलै

मधल्या काळात एक गोष्ट घडली, जिचा आम्हाला अंदाज नव्हता. ८ जुलै २०२४ ला राज्य सरकारचा निर्णय आला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली. म्हणजे तिच्या हातात जे प्रवेशपत्र होतं त्याला एक रुपयाचीही सवलत नाही, आणि जो प्रवेश अजून मिळायचा होता त्याची फी माफ.

१० जुलैला विद्यापीठाला नकार कळवला. पैसे भरलेच नव्हते, त्यामुळे परत मागायचा प्रश्न आला नाही. उतारा पेंटर घरी घेऊन गेले.

कॅपच्या दुसऱ्या फेरीत तिला एका अनुदानित कला महाविद्यालयात उपयोजित कलेला जागा मिळाली. एसटीने पाच तासांवरचं शहर. नवा हिशेब असा झाला. खोली आणि मेस महिना ८,५००, दहा महिन्यांनी चार वर्षांचे ३ लाख ४० हजार. साहित्य १ लाख. कॉम्प्युटर ६० हजार. प्रवास आणि बाकीचं शुल्क ४० हजार. बेरीज ५ लाख ४० हजार. त्यातले १ लाख ९० हजार घरचे, म्हणजे महिन्याला साधारण ४ हजार. उरलेलं ३ लाख ५० हजार कर्ज. तारण नाही, जामीनदार नाही, आईचे दागिने आईच्याच गळ्यात.

ह्या कर्जावरही पाच वर्षांचं व्याज साठू दिलं तर ते १ लाख २९ हजारांच्या घरात जातं आणि सात वर्षांचा हप्ता ८,०७० होतो. २० हजारांच्या पगाराला तोही जड. पण शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेलं तर मुद्दल तेवढीच राहते आणि हप्ता ५,९०० वर येतो. साडेतीन लाखांचं कर्ज आणि दरमहा व्याज, हे दोन्ही मिळून मला मान्य होतं. एकटं पहिलं नाही. पहिल्या वर्षी ८७,५०० उचललेले, त्याचं महिन्याचं व्याज ७६६ रुपये. तेवढं मुलीने स्वतः भरायचं, ही अट तिच्या आईने घातली.

केंद्राच्या व्याज अनुदानाची चौकशी केली होती. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना ते मिळतं, पण संस्थेला नॅकची किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थांची, मान्यता लागते. ती अट बसली नाही. नोव्हेंबरमध्ये केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना मंजूर झाली, ती ८६० निवडक संस्थांपुरती, त्यातही हे महाविद्यालय नव्हतं. प्रवेश घेण्याआधी प्रत्येकाने आपल्या संस्थेपुरतं हे तपासावं, कारण बसलं तर व्याजाचा मोठा भार उतरतो. कर्जाने कर वाचतो असं कुणी नातेवाईक सांगतातच. ज्या घराला करच लागत नाही त्यांनी तिकडे लक्ष देऊ नये.

दोन वर्षांनी

सगळं सरळ गेलं नाही. साहित्याचा माझा अंदाज चुकला. पहिल्याच वर्षी २५ हजारांऐवजी ३८ गेले, कारण पोस्टर कलर, माउंटबोर्ड आणि प्रिंटआउट ह्यांचे भाव मी जुने धरले होते. कॉम्प्युटर जुना घ्यावा लागला, दुसऱ्या सत्रात बिघडला. खासगी विद्यापीठात गेलेली तिची मैत्रीण दुसऱ्याच वर्षी मुंबईत इंटर्नशिपला गेली, तेव्हा हिने मला फोन करून बराच वेळ काही न बोलता धरून ठेवला. मी चूक केली का, हा विचार मला त्या रात्री आला. वहीतले आकडे पुन्हा बघितले. आकडे तेच होते, पण तिला झालेलं दुःखही खरं होतं.

गेल्या दिवाळीत कोल्हापुरातल्या एका नव्या कॅफेच्या भिंतीवर हाताने अक्षरं काढायचं काम तिला मिळालं. भिंत बारा फूट, तिला एवढ्या मोठ्या मापाची सवय नाही. वडिलांना घेऊन गेली. पेंटरांनी खडूत घोळवलेलं सूत दोन खिळ्यांना ताणलं, मधे चिमटीत धरून सोडलं, भिंतीवर पांढरी सरळ रेघ उमटली. कितीतरी वर्षांनी त्यांनी सूत मारलं होतं. अक्षरं तिने काढली, कडा त्यांनी भरल्या. १४ हजार मिळाले. मालकाने फ्लेक्स नको, हाताचंच हवं म्हणून सांगितलं होतं, हे पेंटर मला तीनदा म्हणाले.

कर्जाचे दोन हप्ते उचलून झालेत, १ लाख ७५ हजार. व्याज आता महिन्याला १,५३१. तिच्याकडे एक लांब वही आहे, मी वापरतो तसली. त्यात प्रत्येक महिन्यापुढे व्याज कशातून भरलं ते लिहिलंय. मेंदी, कॅफे, लग्नाची पत्रिका, शाळेची भिंत. मार्चमध्ये परीक्षा होती, काम नव्हतं. त्या ओळीपुढे तिने लिहिलंय, 'पप्पांकडून उसने, १,५३१'. मेच्या ओळीपुढे, 'पप्पांना परत'.